ऑर्डर ऑफ व्हिक्टरी

सोव्हिएट संघाचे सर्वोच्च लष्करी मानचिन्ह. स्टालिनग्राड व कुर्स्क येथील विजयांनंतर युद्धाचे पारडे फिरले असताना, ८ नोव्हेंबर १९४३ रोजी ते स्थापन झाले. ते वैयक्तिक शौर्यासाठी नव्हतेच. एक वा अनेक आघाड्यांवरील मोहीम फत्ते करून युद्धस्थिती लाल सेनेच्या बाजूने पालटवणाऱ्या वरिष्ठ सेनानींनाच ते द्यावे, अशी अट होती.

रचना अलेक्सांद्र कुझनेत्सोव्ह यांची. आधीच्या आराखड्यात मधोमध लेनिन व स्टालिन यांच्या मुखाकृती होत्या. त्यांच्या जागी स्टालिनने क्रेमलिनचा स्पास्काया मनोरा घ्यायला लावला. पंचकोनी ताऱ्याची रुंदी ७२ मिमी. त्यात सुमारे ४७ ग्रॅम प्लॅटिनम, १९ ग्रॅम चांदी, २ ग्रॅम सोने आणि १६ कॅरट हिरे आहेत. हे काम टाकसाळीकडे न देता मॉस्कोतील जवाहीर व घड्याळांच्या कारखान्याकडे सोपवले गेले. तिथे माणकांवर घोडे अडले. ताऱ्याच्या पाचही भुजांसाठी ५-५ कॅरटची माणके हवी होती, पण नैसर्गिक खड्यांची लाल छटा एकमेकांशी जुळेना. शेवटी कृत्रिम माणके जडवली. हे मानचिन्ह छातीच्या डाव्या बाजूस, कमरेपासून १२ ते १४ सेंमी वर लावत.

पहिले मार्शल झुकॉव्ह यांना, दुसरे मार्शल वासिलेव्हस्की यांना (एप्रिल १९४४), तिसरे स्टालिनला मिळाले. या तिघांनाच ते दोनदा मिळाले. इतर सोव्हिएट मानकऱ्यांत कोनेव्ह, रोकोसोव्हस्की हे मार्शल होते. आंतोनॉव्ह मात्र मार्शल नव्हते आणि ‘सोव्हिएट संघाचा वीर’ हा किताबही त्यांना कधी लाभला नाही. युद्धाच्या अखेरीस सरसेनापती कार्यालयाच्या जनरल स्टाफची धुरा त्यांच्याकडे होती. परदेशी मानकरी पाच: अमेरिकेचे आयझेनहॉवर, ब्रिटनचे माँटगोमेरी, युगोस्लाव्हियाचे टीटो, पोलंडचे रोला-झिमिएर्स्की आणि रुमानियाचा राजा मिहाय. मिहायने ऑगस्ट १९४४ मध्ये हुकूमशहा अंतोनेस्कूला अटक करून देशाला जर्मनीच्या गोटातून बाहेर काढले, तेव्हा तो २२ वर्षांचा होता. मानचिन्ह मिळाल्यापासून अडीच वर्षांतच, डिसेंबर १९४७ मध्ये, कम्युनिस्टांनी त्याला सिंहासन सोडायला लावले. मानचिन्ह मात्र कायम राहिले. २०१७ साली तो वारला, तेव्हा हयात असलेला तो अखेरचा मानकरी होता.

फेब्रुवारी १९७८ मध्ये तत्कालीन सोव्हिएट नेते ब्रेझनेव्ह यांनाही हे मानचिन्ह देण्यात आले. महायुद्धात ते राजकीय अधिकारी होते, कुठल्याही आघाडीचे नेतृत्व त्यांनी केले नव्हते. मूळ नियमात हा सन्मान बसत नव्हता, हे उघड होते. सप्टेंबर १९८९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, तो रद्द झाला.