एनडीपीएस कलम ६४-अ: शिक्षेऐवजी व्यसनमुक्ती उपचार. पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज कुठे अडतो

गांजा ओढताना किंवा खिशात एमडीची पुडी सापडून मुलगा पकडला गेला, की पहिल्याच तारखेला कोर्टाच्या आवारात घरच्यांना सल्ला मिळतो: गुन्हा कबूल करा, दंड भरा, आजच मोकळे व्हाल. सल्ला देणाऱ्याचं काही जात नाही. मुलाच्या नावावर मात्र शिक्षा नोंदली जाते, आणि पुढे नोकरीसाठी पोलीस व्हेरिफिकेशन आलं की ती समोर उभी राहते. व्यसन तर होतं तिथेच असतं.

अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा, म्हणजे एनडीपीएस, कडक आहे हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच कायद्यात व्यसनी माणसाला उपचार घेऊन खटल्यातून बाहेर पडण्याची वाट ठेवली आहे, हे फारच थोड्यांना माहीत असतं. ज्यांना कळतं त्यांचेही अर्ज कागदांवरून परत येतात. विधी सेवेच्या कामात हे वारंवार पाहिलं, म्हणून ही माहिती.

दोन कलमं आहेत आणि त्यांची सतत गल्लत होते. कलम ६४-अ प्रमाणे व्यसनी आरोपीने स्वेच्छेने मान्य संस्थेत उपचार घेतले, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. दोष सिद्ध होत नाही, म्हणून शिक्षेची नोंदही होत नाही. कलम ३९ त्यानंतरच्या टप्प्याचं आहे. तिथे आरोपी आधी दोषी ठरतो, मग कोर्ट त्याचं वय, पूर्वेतिहास आणि प्रकृती पाहून, त्याच्या संमतीने, तुरुंगाऐवजी उपचारांसाठी बंधपत्रावर सोडू शकतं. ‘उपचारांचं कलम लावा’ एवढंच वकिलाला सांगितलं आणि त्याने ३९ चा अर्ज केला, तर तुरुंग टळतो पण दोषी ठरल्याची नोंद राहते. म्हणून ६४-अ आधी. गुन्हा कबूल केल्यावर ती वाट हातची जाते.

पात्रता: एफआयआर नीट वाचा

गुन्हा एकतर कलम २७ चा, म्हणजे सेवनाचा, किंवा ‘अल्प प्रमाणाचा’ हवा. सेवनाची शिक्षा पदार्थानुसार बदलते: कोकेन, मॉर्फिन, हेरॉइनसाठी १ वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, गांजासारख्या पदार्थांसाठी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

अल्प प्रमाण म्हणजे अधिसूचनेतल्या आकड्यापेक्षा कमी वजन. गांजा १ किलो, चरस १०० ग्रॅम, हेरॉइन ५ ग्रॅम, कोकेन २ ग्रॅम, मेफेड्रोन म्हणजे एमडी २ ग्रॅम. गर्दच्या, म्हणजे भेसळीच्या हेरॉइनच्या बाबतीत इथे मोठा गैरसमज आहे. ‘त्यात हेरॉइन किती, बाकी सगळी भेसळच’ असं घरचे म्हणतात. २०२० च्या एप्रिलमध्ये हिरा सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की भेसळीसकट पूर्ण मिश्रणाचं वजन धरायचं. त्यामुळे सहा ग्रॅमची गर्दची पुडी कितीही हलकी असली तरी अल्प प्रमाणात बसत नाही. गांज्याचं उलट आहे. कायद्याच्या व्याख्येत शेंडे, म्हणजे फुलोरा, येतो. शेंड्यांशिवायची पानं आणि बिया येत नाहीत. पंचनाम्यात वजन कशाचं केलं आहे हे वकिलाकडून तपासून घ्या.

एफआयआरमध्ये २७-अ किंवा २९ ही कलमं जोडली असतील तर थांबा. २७-अ पाहिलं की लोकांना ते २७ चंच पोटकलम वाटतं. ते पूर्ण वेगळं आणि गंभीर आहे: अवैध व्यापाराला पैसा पुरवणं. २९ म्हणजे कट. अशा केसमध्ये नुसत्या ६४-अ च्या अर्जाने काम होत नाही, आधी ती कलमं का लागली यावर वकिलाला लढावं लागतं.

दारूसाठी हा मार्ग नाही, दारू या कायद्यात येत नाही. आणि मुलगा अठराच्या आतला असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं, तिथली पद्धत वेगळी.

‘व्यसनी’ असल्याचा कागद

बहुतेक अर्ज इथे पडतात. कायद्याच्या व्याख्येत व्यसनी म्हणजे अमली पदार्थावर अवलंबित्व असलेली व्यक्ती. मित्रांसोबत एकदा ओढलेला मुलगा या व्याख्येत येत नाही, आणि लघवीची चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे अवलंबित्व सिद्ध झालं असंही नाही. चाचणी एवढंच सांगते की पदार्थ शरीरात होता.

हवं असतं ते मानसोपचारतज्ज्ञाचं प्रमाणपत्र, आणि त्यात ‘अवलंबित्व’ हे निदान स्पष्ट लिहिलेलं. डॉक्टर निदानासोबत आयसीडी-१० चा, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला कोड लिहितात. गांज्यासाठी एफ१२, अफू आणि हेरॉइनसाठी एफ११. त्यापुढचा आकडा महत्त्वाचा: .१ म्हणजे अपायकारक वापर, .२ म्हणजे अवलंबित्व. घाईत भरलेल्या केसपेपरवर .१ पडतं किंवा कोड नसतोच, आणि सरकारी वकील तेवढ्यावर हरकत घेतात. डॉक्टरांना खोटं लिहायला सांगायचं नाही. पण अवलंबित्व खरोखर असेल तर पूर्ण तपासणी करून तसं स्पष्ट लिहून द्या, अशी विनंती करण्यात गैर काही नाही. किती वर्षं घेतो, सोडताना काय त्रास होतो, आधी उपचार झाले होते का, हे रुग्णाने मोकळेपणाने सांगावं लागतं. आईवडील शेजारी बसले की मुलं निम्मं लपवतात, तेव्हा थोडा वेळ बाहेर थांबा.

संस्था मान्य आहे, हे कशावरून?

कलम ६४-अ म्हणतं: सरकारने किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेने चालवलेलं किंवा मान्यता दिलेलं रुग्णालय वा संस्था. खासगी केंद्राच्या पाटीवर ‘शासनमान्य’ लिहिलेलं असतं. कागद मागितला की धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदणीची प्रत पुढे करतात. ती ट्रस्टची नोंदणी झाली, उपचारांची मान्यता नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात अमली पदार्थांशी जोडलेल्या मानसिक अवस्थाही येतात, त्यामुळे अशा केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी हवी. ते प्रमाणपत्र, आणि केंद्र सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर चालत असेल तर मंजुरीचं पत्र, यांच्या प्रती भरती होण्याआधी हातात घ्या. पैसे भरून महिना काढल्यावर मान्यता नाही हे कळलेली कुटुंबं पाहिली आहेत. त्यांना समजावण्यासारखं काही उरत नाही.

सगळ्यात सुरक्षित वाट म्हणजे सरकारी किंवा पालिकेचं रुग्णालय. ते सरकारनेच चालवलेलं, म्हणून मान्यतेचा वेगळा पुरावा लागत नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे मानसोपचार विभाग, मुंबईत केईएम, सायन, नायर, ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीची मनोरुग्णालयं, गोव्यात बांबोळी. एक बारकावा: ‘स्थानिक संस्था’ हा शब्द ६४-अ मध्ये आहे, कलम ३९ मध्ये नाही. तिथे फक्त ‘सरकार’ म्हटलं आहे. ३९ खाली जायची वेळ आली तर पालिकेपेक्षा सरकारी रुग्णालय निवडा, वाद टळतो.

‘स्वेच्छेने’ आणि ‘पूर्ण’

अर्जावर सही आरोपीची हवी आणि त्यासोबत त्याचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र. आईने केलेला अर्ज कितीही कळवळून लिहिलेला असला तरी स्वेच्छेची अट त्याने पूर्ण होत नाही. रुग्णालयातली भरतीही शक्यतो स्वतःच्या अर्जाने, म्हणजे मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ८६ खाली झालेली असावी. माणसं पाठवून मुलाला गाडीत कोंबून नेणारी केंद्रं आहेत. तो प्रकार बेकायदेशीर आहेच, आणि तिथला कागद स्वेच्छेच्या नेमका विरुद्ध पुरावा ठरतो.

उपचार पूर्ण झाले नाहीत तर दिलेली मुभा काढून घेता येते. दोन-तीन आठवडे भरती राहून विषारी परिणाम उतरवले म्हणजे उपचार संपले असं घरच्यांना वाटतं. डॉक्टरांच्या लेखी तिथे पहिला टप्पा संपतो; पुढे ओपीडी, समुपदेशन, गोळ्या. प्रत्येक भेटीची नोंद केसपेपरवर घ्या. आणि डिस्चार्ज कार्डावर ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी गेला’ हा शेरा पडू देऊ नका. लग्न असो, परीक्षा असो, डॉक्टरांशी बोलून रजा घ्या. त्या एका शेऱ्याने सगळं मुसळ केरात जातं.

मधेच पुन्हा एकदा घेतलं गेलं तर? या आजारात ते होतं. पळून जाऊ नका, डॉक्टरांना सांगा, नोंद होऊ द्या. पुन्हा घसरून परत आलेला रुग्ण उपचारांत आहे असं दाखवता येतं. गायब झालेला दाखवता येत नाही.

नाव जुळवून घ्या. एफआयआरमध्ये ‘बंटी’, आधारवर वेगळं, रुग्णालयात तिसरंच. एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडलं की प्रश्न मिटतो. नाही जोडलं तर तेवढ्यासाठी पुढची तारीख.

मुदत

६४-अ च्या अर्जाला कायद्यात दिवसांची मुदत नाही आणि ठरावीक नमुनाही नाही. साधा टंकलिखित अर्ज चालतो. मात्र उपचार अटकेनंतर लगेच सुरू करा आणि अर्ज आरोप वाचून दाखवण्याच्या तारखेआधी रेकॉर्डवर आणा. कलम ३९ मधलं ‘एक वर्ष’ लोक उलटं वाचतात: उपचार सुरू करायला वर्ष आहे. तसं नाही. कोर्ट ठरवेल त्या तारखेला, जी एका वर्षाच्या आतलीच असते, उपचारांच्या परिणामाचा अहवाल घेऊन हजर व्हायचं असतं. अहवाल पटला तर समज देऊन आणि जास्तीत जास्त तीन वर्षांच्या बंधपत्रावर सोडतात. त्या काळात पुन्हा गुन्हा झाला तर शिक्षेसाठी बोलावणं येतं.

बाकीचं थोडक्यात. या शिक्षा कमी असल्याने केस सहसा विशेष न्यायालयात नाही, दंडाधिकाऱ्यांसमोर चालते, अर्ज तिथेच. जामीन वेगळा मागावा लागतो, कारण मुंबई उच्च न्यायालयाने २०२० च्या ऑक्टोबरमध्ये या कायद्याचे सगळे गुन्हे अजामीनपात्र धरले आहेत. पण जामिनासाठीच्या कलम ३७ च्या जाचक अटी अल्प प्रमाणाला लागू नाहीत. अर्जासोबत एफआयआर, असल्यास चार्जशीट आणि सीए रिपोर्ट (पदार्थाच्या रासायनिक तपासणीचा अहवाल), वर सांगितलेले वैद्यकीय कागद, ओळखपत्र. सरकारी वकील आपलं म्हणणं देतात, कोर्ट रुग्णालयाकडून अहवाल मागवू शकतं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. कोठडीत असलेल्याला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. फोन १५१००. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६.

एवढे कागद रुग्णाने का गोळा करायचे, हा प्रश्न मला प्रत्येक फाइल पाहताना पडतो. अमेरिकेत १९८९ साली मायामीत सुरू झालेली उपचारप्रधान अमली पदार्थ न्यायालयं आता तिथल्या सगळ्या राज्यांत आहेत. सुनावणीआधी न्यायाधीश, दोन्ही बाजूंचे वकील आणि उपचार करणारे एकत्र बसतात, तोच न्यायाधीश त्याच माणसाला पुन्हा पुन्हा भेटतो, चाचण्यांचे निकाल थेट कोर्टात येतात. आपल्याकडे कलम आहे, ती व्यवस्था नाही. महाराष्ट्रात प्रत्येक जिल्ह्यात एक दंडाधिकारी आणि आठवड्यातला एक दिवस अशा प्रकरणांसाठी ठेवला, जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचारतज्ज्ञाला त्या दिवशी जोडलं आणि मान्य केंद्रांची यादी कोर्टाच्या फलकावर लावली, तरी निम्मे अर्ज परत येणार नाहीत. यादी लावायला तर नवा कायदाही लागत नाही. ती फलकावर का लावली जात नाही, याचं उत्तर संबंधित खात्यांनी द्यायला हवं.

अर्ज फेटाळला गेला तर आधी आदेशाची सर्टिफाइड कॉपी काढा आणि कारण वाचा. कागद अपुरे म्हणून फेटाळण्याची चिन्हं सुनावणीतच दिसली, तर वकिलाने नव्याने अर्ज करण्याची मुभा ठेवून तो मागे घ्यावा. आदेश झालाच असेल तर सत्र न्यायालयात ९० दिवसांत पुनरीक्षण (रिव्हिजन) अर्ज करता येतो. कॉपी मिळायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात, म्हणून नकलेचा अर्ज केल्याची आणि नक्कल मिळाल्याची तारीख कॉपीवर आहे ना, हे खिडकीवरच पाहून घ्या. या सगळ्या काळात उपचार थांबवू नका.