"कुठपर्यंत आलात?" फॅन्टसी वाचकांच्या गप्पांची पार्श्वभूमी

फॅन्टसी वाचणाऱ्या माणसाला सध्या काय वाचताय असं विचारलं की नुसतं पुस्तकाचं नाव सहसा येत नाही. "चौथा भाग चालू आहे, अर्धा झालाय, पुढचं काही सांगू नका हं" असं उत्तर येतं, किंवा "दुसऱ्यांदा वाचतेय, यावेळी सावकाश", किंवा "तिसऱ्यानंतर थांबलेय, शेवटचा आला की सगळे सलग वाचणार". बाकीच्या कादंबऱ्यांवर लोक बहुतेक वेळा वाचून झाल्यावर बोलतात, आमच्यात मात्र वाचता वाचता बोलायची सवय आहे, आणि ही सवय कुठून आली ते शोधायला गेलं की बरंच मागे जावं लागतं. मला हा इतिहास मनापासून आवडतो, कारण या प्रकाराची नावं, वाचायचा क्रम, स्पॉयलर (म्हणजे पुढचं आधीच सांगून टाकणारा मजकूर) झाकायच्या पद्धती, हे सगळं वाचकांच्याच बोलण्यातून आलंय, आणि हे फारसं कोणी सांगत नाही.

आपण ज्यांना अरबी भाषेतल्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टी म्हणतो त्या युरोपात पहिल्यांदा आणल्या आंत्वान गालां या फ्रेंच पंडितांनी, १७०४ ते १७१७ या काळात, १२ खंडांमध्ये. म्हणजे वाचणाऱ्याला तेरा वर्षं थांबत थांबत वाचावं लागलं. सुरुवातीच्या खंडांत रात्र बदलली की धाकटी बहीण थोरलीला "ताई, झोपली नसशील तर ती गोष्ट सांग ना" असं म्हणते, आणि असं सांगतात की पॅरिसमधली तरुण मुलं थंडीच्या रात्री गालांच्या खिडकीखाली उभी राहून हेच वाक्य ओरडायची. पुढच्या खंडांत गालांनी ते वाक्य वगळलंच. वाचकांची घाई इतकी होती की १७०९ मध्ये आठवा खंड भरायला मजकूर कमी पडला तेव्हा प्रकाशकाने दुसऱ्याच अनुवादकाच्या दोन गोष्टी गालांना न विचारता त्यात घातल्या! पुढचा भाग कधी येणार ही तगमग आपल्याला आजची वाटते, पण ती चांगली तीनशे वर्षं जुनी आहे.

पण ही तगमग एकट्याची राहू नये, दुसऱ्या वाचकापर्यंत पोचावी, याची नियमित सोय बरीच नंतर झाली, ती अमेरिकेतल्या स्वस्त कागदावर छापलेल्या मासिकांमुळे. 'वियर्ड टेल्स' मार्च १९२३ मध्ये निघालं आणि त्यात वाचकांच्या पत्रांचं एक सदर होतं, 'द आयरी' नावाचं, आयरी म्हणजे गरुडाचं घरटं. लोक लिहायचे की गेल्या अंकातली कुठली गोष्ट आवडली, कुठली फसली, कोणाची अजून छापा. १९२६ ला सुरू झालेल्या 'अमेझिंग स्टोरीज'ने तर पत्राखाली लिहिणाऱ्याचा पत्ताही छापला, आणि इथे खरी गंमत झाली, कारण मग वाचक संपादकाला सोडून एकमेकांनाच पत्रं लिहायला लागले. आपल्यासारखंच वाचणारं आपल्या आसपास कोणी नाही असं वाटणाऱ्या माणसाला अचानक वीस पत्ते मिळाले तर तो काय करेल, रात्रभर जागून पत्रंच लिहील ना.

'वियर्ड टेल्स'मध्ये भयकथा लिहिणारे एच. पी. लव्हक्राफ्ट तर पत्रलेखनात बुडालेलेच होते. आपल्या पत्रमित्रांना ते स्वतःकडची पुस्तकं पोस्टाने वाचायला पाठवायचे. सप्टेंबर १९३३ मध्ये चार्ल्स हॉर्निग या सतरा वर्षांच्या मुलाने 'द फॅन्टसी फॅन' नावाचं छोटं मासिक काढलं, त्यात लव्हक्राफ्टचा भयकथा-अद्भुतकथांवरचा मोठा निबंध क्रमशः येत होता. तो निबंध मी वाचते तेव्हा मला ती एक लांबलचक शिफारसयादीच वाटते, हे वाचा, मग हे, यात हे प्रकरण बघा, असं एखाद्या मुरलेल्या वाचकाने बाजूला बसून सांगावं तसं. मासिक १८ अंक काढून फेब्रुवारी १९३५ ला बंद पडलं आणि निबंध त्यात अपुराच राहिला. म्हणजे त्या वाचकांना निबंधाचाही पुढचा भाग मिळाला नाही.

आता माझा सगळ्यात लाडका किस्सा. रॉबर्ट हॉवर्ड यांच्या कोनान या तलवारबहाद्दर नायकाची पहिली गोष्ट डिसेंबर १९३२ च्या 'वियर्ड टेल्स'मध्ये आली, आणि त्या गोष्टी कुठल्याही क्रमाने नव्हत्या, पहिल्याच गोष्टीत कोनान राजा झालेला, नंतरच्या एखाद्या गोष्टीत तो पोरसवदा चोर. पी. शायलर मिलर आणि जॉन क्लार्क या दोन वाचकांनी बसून सगळ्या गोष्टींचे धागेदोरे जुळवले, तो तेव्हा किती वर्षांचा असेल, आधी कुठे होता मग कुठे गेला, आणि एक अंदाजे जीवनपट तयार करून हॉवर्डना पाठवून दिला. मार्च १९३६ मध्ये हॉवर्डचं उत्तर आलं, त्यांनी तो जवळजवळ पूर्ण मान्य केला आणि वर थोडी भरही घातली. जूनमध्ये हॉवर्ड गेले, वयाच्या तिसाव्या वर्षी. आज कोणी "ही सिरीज कुठून सुरू करू, छापल्याच्या क्रमाने की घटनांच्या क्रमाने" असं विचारतं आणि लगेच दहाजण तक्ते घेऊन येतात तेव्हा मला ते दोघं आठवतात. सी. एस. लुईस यांच्या नार्निया या जादूच्या देशाच्या सात पुस्तकांवरून हाच वाद अजून चालू आहे, कारण १९९४ मध्ये प्रकाशकाने घटनांच्या क्रमाने नवे आकडे टाकले आणि सहावं छापलेलं पुस्तक पहिलं झालं. (मी छापल्याच्या क्रमाच्या बाजूने आहे, आधी छापलेल्या पुस्तकात मुलं कपाटातून नार्नियात शिरतात, तेव्हा पलीकडे काय आहे ते आपल्याला माहीत नसावं.) टेरी प्रॅचेट यांच्या डिस्कवर्ल्डच्या ४१ कादंबऱ्या आहेत आणि तिथेही कुठून आत शिरायचं याचे नकाशे वाचकांनीच काढलेत.

नावाचंही तसंच. १९६१ पर्यंत तलवारी, जादूगार आणि भटके वीर असलेल्या या गोष्टींना काय म्हणायचं ते ठरलेलं नव्हतं. 'आम्रा' नावाचं एक हौशी वाचकांचं मासिक होतं (आम्रा हे कोनानचंच एक टोपणनाव), त्यात मायकेल मूरकॉक या तरुण लेखकाने पत्र लिहून विचारलं की या प्रकाराला एखादं नाव नको का, त्यांनी स्वतः 'एपिक फॅन्टसी' सुचवलं, आणि अशाच गोष्टी लिहिणाऱ्या फ्रिट्झ लायबर यांनी उत्तर दिलं, 'सोर्ड अँड सॉर्सरी' म्हणा. मूरकॉक तेव्हा एकवीस वर्षांचे होते. आज "सध्या एपिक फॅन्टसी वाचतोय, पण मध्ये एखादं छोटं सोर्ड अँड सॉर्सरी हवंय" असं आपण सहज म्हणतो, त्यातले दोन्ही शब्द त्या एका पत्रव्यवहारात शेजारीशेजारी आले होते.

टोल्कीनबद्दल लिहायचं तर वेगळा लेख लागेल, पण आपल्या मुद्द्यापुरतं एवढं, की 'लॉर्ड ऑफ द रिंग्स' ही लेखकाच्या मनात एकच कादंबरी होती, युद्धानंतर कागद महाग म्हणून प्रकाशकाने तिचे तीन खंड केले. पहिला जुलै १९५४, दुसरा नोव्हेंबर १९५४, आणि तिसरा परिशिष्टांपायी रखडत ऑक्टोबर १९५५ मध्ये आला. दुसऱ्या खंडाच्या शेवटी गोष्ट कुठे थांबते ते ज्यांनी वाचलंय त्यांना माहीत आहे, ज्यांनी नाही वाचलं त्यांना मी इथे सांगणार नाही, पण तिथे अकरा महिने थांबून राहायचं म्हणजे काय याची कल्पना करा. तीन-तीन खंडांची सिरीज काढायची पद्धत फॅन्टसीत पुढे इतकी रुळली त्याचं मूळ या कागदटंचाईत आहे.

मग १९६५ मध्ये अमेरिकेत एस बुक्स या प्रकाशनाने लेखकाची परवानगी न घेता 'लॉर्ड ऑफ द रिंग्स'ची ७५ सेंटची पेपरबॅक आवृत्ती काढली. टोल्कीननी तिकडच्या वाचकांच्या पत्रांना उत्तरं देताना प्रत्येकाला सांगायला सुरुवात केली की ही आवृत्ती माझ्या संमतीची नाही, आणि बॅलंटाइन या दुसऱ्या प्रकाशनाच्या अधिकृत आवृत्तीवर तसा मजकूरही छापला. ती ९५ सेंटची, म्हणजे महाग. तरी वाचकांनी एकमेकांना सांगून सांगून इतका आवाज उठवला की शेवटी एसने मानधन द्यायचं कबूल केलं आणि पुन्हा न छापायचंही. त्याच वर्षी अमेरिकेत टोल्कीन सोसायटी निघाली, विद्यार्थ्यांच्या कोटांवर "फ्रोडो लिव्ह्ज" (फ्रोडो हा त्या कादंबरीचा नायक) लिहिलेले बिल्ले दिसायला लागले, म्हणजे न बोलताच कळायचं की समोरचा काय वाचतोय.

'लॉर्ड ऑफ द रिंग्स' संपल्यावर काय वाचू, हा प्रश्न तेव्हा फार मोठा होता, कारण त्या चवीचं फारसं काही बाजारात नव्हतंच. बॅलंटाइनने १९६९ ते १९७४ मध्ये लिन कार्टर यांच्याकडून जुनी विसरलेली पुस्तकं शोधून ६५ पुस्तकांची मालिका काढली, मुखपृष्ठावर युनिकॉर्नचं डोकं आणि आत कार्टरची गप्पा मारल्यासारखी प्रस्तावना. युनिकॉर्न दिसला की घ्यायचं, एवढं सोपं.

यानंतर गप्पा कॉम्प्युटरवर गेल्या. १९७९ मध्ये आर्पानेट या इंटरनेटच्या आधीच्या जाळ्यावर 'एसएफ-लव्हर्स' नावाची मेलिंग लिस्ट सुरू झाली, आणि पुढे युजनेट या चर्चांच्या जाळ्यावर पुस्तकांचे, लेखकांचे वेगवेगळे गट. इथे एक नवीच अडचण उभी राहिली. पत्र पोस्टाने यायला आठवडे लागायचे तोवर समोरच्याचं पुस्तक वाचून व्हायचं, पण इथे ज्याला पुस्तक पहिल्या दिवशी मिळालं तो त्याच रात्री सगळं लिहून मोकळा, आणि बाकीचे अजून पहिल्याच प्रकरणात. मग उपाय निघाले. एक म्हणजे मजकुराच्या आधी स्क्रीनभर रिकाम्या ओळी सोडायच्या, म्हणजे ज्याला वाचायचंय त्याने खाली जावं. दुसरा रॉट-थर्टीन, प्रत्येक इंग्रजी अक्षर तेरा घरं पुढे सरकवायचं, मजकूर अगम्य होतो, आणि अक्षरं २६ असल्यामुळे तीच क्रिया पुन्हा केली की मूळ मजकूर परत येतो. गुप्ततेसाठी याचा काडीचा उपयोग नाही, पण चुकून नजर पडू नये एवढंच हवं होतं. समोरचा अजून तिथपर्यंत पोचलेला नाही, त्याचा आनंद आपण हिरावून घ्यायचा नाही, ही काळजी मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

रॉबर्ट जॉर्डन यांच्या 'व्हील ऑफ टाइम'च्या वाचकांनी तर यातून एक वेगळी बोलीच तयार केली. पहिलं पुस्तक जानेवारी १९९०, शेवटचं चौदावं जानेवारी २०१३, मधे २००७ मध्ये जॉर्डन गेले आणि शेवटची तीन पुस्तकं ब्रँडन सँडरसन यांनी त्यांच्या नोंदींवरून पूर्ण केली. तेवीस वर्षं! दोन पुस्तकांमधल्या वर्षांत लोक काय करणार, पुन्हा पहिल्यापासून वाचणार, एकेका वाक्यावरून तर्क लढवणार, त्या तर्कांच्या याद्या करणार. जॉर्डनना भेटून कोणी पुढचं विचारलं की ते म्हणायचे "रीड अँड फाइंड आउट", वाचा म्हणजे कळेल, त्याचं 'राफो' झालं आणि आता ज्यांनी ती सिरीज उघडूनही बघितली नाही तेसुद्धा राफो म्हणतात. री-रीड, म्हणजे पुन्हा वाचणं, हा शब्द "काय वाचताय"च्या उत्तरात इतक्या वेळा ऐकू येतो तो अशाच थांबण्यामुळे. जॉर्ज मार्टिन यांच्या, 'गेम ऑफ थ्रोन्स'ने सुरू होणाऱ्या सिरीजचा पाचवा भाग २०११ ला आला, त्यानंतर सहाव्यासाठी लोकांनी आधीचे पाच कितीदा वाचले असतील देव जाणे, आणि सिरीज पूर्ण झाल्याशिवाय हातच लावणार नाही म्हणणाऱ्यांचा गट त्यातूनच वाढला. मी त्या गटात नाही, पण त्यांचं म्हणणं मला पटतं.

२००७ मध्ये गुडरीड्स ही वाचकांची वेबसाइट आली, त्यात मुळातच तीन शेल्फ होते, वाचलेलं, वाचायचंय आणि सध्या वाचतोय. तिसऱ्या शेल्फमुळे "कुठपर्यंत आलात"ला आकडा मिळाला, ३४० वं पान, ५२ टक्के. पण त्याच वर्षाच्या शेवटी किंडल हे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र आलं, आणि मग कोणी पानं सांगणार, कोणी टक्के सांगणार, ऑडिओबुकवाला "अकरा तास झाले, सव्वीस उरलेत" म्हणणार, आणि जाड पुस्तकाच्या मागच्या साठ पानांची परिशिष्टं धरली तर टक्क्यांचाही घोळ, नव्वद टक्क्यांवर वाटतं अजून गोष्ट शिल्लक आहे आणि पान उलटतो तर समोर राजघराण्यांच्या वंशावळी. म्हणून एकत्र वाचणारे लोक आता प्रकरणाचा आकडा सांगतात, "मी एकोणतिसाव्या प्रकरणात, तू?", आणि जो मागे असेल त्याच्या प्रकरणापर्यंतच बोलायचं.