पुंगळी निवडताना पितळ वाचायला शिका

रायफलचा चाप ओढल्यावर एक-दोन सहस्रांश सेकंदांत काडतुसाच्या पितळी कवचाला, म्हणजे पुंगळीला, दोन उलट कामे करावी लागतात. आधी फुगून चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या नळीतल्या पोकळीच्या, भिंतीला घट्ट चिकटायचे, म्हणजे तापलेले वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येत नाहीत. मग दाब ओसरताच किंचित आकसून भिंत सोडायची, म्हणजे ती बाहेर ओढता येते. .308 विंचेस्टर या काडतुसात दाबाची मर्यादा 4,150 बार आहे. मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या जवळजवळ दोन हजार पट. हे सारे पेलायचे ते 70 टक्के तांबे आणि 30 टक्के जस्ताच्या पातळ पितळाने, आणि तेही पुन्हा पुन्हा.

हे जमते कारण एकाच पुंगळीत पितळाचा कडकपणा जागोजागी वेगळा असतो. कारखान्यात जाड चकतीची वाटी करून ती टप्प्याटप्प्याने लांब ओढतात. ओढले की पितळ कडक होते, म्हणून मधेमधे तापवून ते मऊ करावे लागते. शेवटी बूड कडक ठेवतात आणि मान (गोळी धरणारे अरुंद तोंड) व खांदा (त्याखालचा उतार) तेवढे तापवून मऊ करतात. लष्करी पुंगळ्यांच्या मानेवर दिसणारी निळसर-तपकिरी झाक ही त्याच तापवण्याची खूण. तो दोष समजून पुंगळी फेकू नये.

वापरलेली पुंगळी पुन्हा भरून वापरता येते. ती हाती आली की आधी बुडापासून साधारण 5 ते 8 मिलिमीटर वर पाहावे. तिथे भोवताली बारीक चकाकते कडे दिसले तर आतून भिंत झिजत चालली आहे. गोळी उडताना पुढची पातळ भिंत चेंबरला चिकटून राहते, जाड बूड मागे सरकते, आणि मधला पट्टा ताणला जातो. भरण्याआधी पुंगळी पुन्हा मापात आणणाऱ्या साच्यात खांदा गरजेपेक्षा जास्त मागे ढकलला तर हा ताण दरवेळी वाढतो. बोल्ट-ॲक्शन (दरवेळी हाताने दांडा ओढून भरायच्या) रायफलसाठी 0.05 मिलिमीटरच्या आसपास मागे नेणे सहसा पुरते. खात्री करायला कागदाच्या टाचणीची तार सरळ करून टोकाला काटकोनात वाकवावी आणि आतून भिंतीवर ओढावी. तार खाचेत अडकली की पुंगळी बाद. अशी पुंगळी चेंबरमध्ये तुटली तर वायू मागे फुटतो. इथे दयामाया नको.

मानेला गेलेली उभी चीर एवढी घातक नसते, पण तीही पुंगळी गेलीच. दरवेळी फुगणे आणि साच्यात दबणे यामुळे मान ठिसूळ होते. ती पुन्हा तापवून मऊ करता येते. मात्र ज्योत काही सेकंदच, फक्त मानेवर आणि खांद्यावर. बूड 250 अंश सेल्सिअसच्या बरेच खाली राहिले पाहिजे. बूड मऊ झाले तर उपाय उरत नाही. पोलादासारखे पितळ तापवून पाण्यात बुडवल्याने कडक होत नाही, ते ठोकून-ओढूनच होते. प्रायमर (बुडात बसणारी, बारूद पेटवणारी छोटी टोपी) हाताच्या जोरानेही सैल बसू लागला, तर बूड पसरले आहे असे समजून ती पुंगळीही काढून टाकावी.

नवख्यांकडून सर्वाधिक दुर्लक्ष होते ते आतल्या जागेकडे. बाहेरून अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन पुंगळ्यांच्या भिंती कमी-अधिक जाड असतात. 7.62 मिलिमीटरच्या लष्करी पुंगळ्या बहुधा जाड व जड असतात, म्हणून त्यांत जागा कमी आणि तेवढ्याच बारूदीवर दाब जास्त. एका बनावटीत सुरक्षित ठरलेले प्रमाण दुसरीत धोक्याचे ठरू शकते. म्हणून बुडावरचा ठसा पाहून ढीग वेगळे करावेत, आणि बनावट बदलली की प्रमाणित तक्त्यातल्या सर्वांत कमी मात्रेपासून पुन्हा सुरुवात करावी. वजनावरून जागेचा अंदाजच येतो. खरे माप पाण्याचे: एकाच रायफलमधून उडालेली, साच्यात न घातलेली पुंगळी जुना प्रायमर तसाच ठेवून कोरडी तोलावी, मग काठोकाठ पाणी भरून तोलावी. फरक जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर.

तळाच्या आत डोकावूनही पाहावे. मधोमध एकच छिद्र असेल तर बॉक्सर पद्धत, जुना प्रायमर पिनेने सहज निघतो. दोन बारीक छिद्रे म्हणजे बर्डन. तिथे नेहमीची पिन वाकते किंवा मोडते. कुणाच्या तरी टाकून दिलेल्या पुंगळ्या किती वेळा भरल्या गेल्या ते कळत नाही, म्हणून त्या न घेणेच बरे. नव्या, एकाच लॉटच्या पुंगळ्या घेऊन प्रत्येक वापराची नोंद ठेवणे स्वस्तही पडते.

उरला प्रश्न साठवणीचा, आणि त्याचा धडा भारतातल्या पावसाळ्याने दिला. ब्रिटिश लष्कराची काडतुसे तबेल्यांजवळ ठेवली जात आणि पावसाळ्यात न वापरताच त्यांना चिरा पडत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि ओढताना पितळात उरलेला ताण हे तीन एकत्र आले की कणांच्या सीमांवरून चीर धावते, याचा उलगडा 1921 साली झाला. आजही गोळ्यांमुळे बंदुकीच्या नळीत साचलेले तांबे काढणाऱ्या अनेक द्रावणांत अमोनिया असतो. त्याने पुंगळ्या धुऊ नयेत. सौम्य साबणाचे कोमट पाणी किंवा चिमूटभर सायट्रिक आम्ल पुरते. आम्ल जास्त झाले तर जस्त निघून जाते आणि पितळावर गुलाबी डाग उमटतात.