मेंदूतली पाण्याची गाठ आणि तिच्यावरची औषधं
क्रॅनिओफॅरिंजिओमाचे रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांसाठी, आमच्या मेडिकलतर्फे

या आजाराची चिठ्ठी घेऊन येणारे आईवडील आम्हाला बहुतेक वेळा एकच गोष्ट विचारतात: ऑपरेशनशिवाय, नुसत्या गोळीनं ही पाण्याची गाठ विरघळेल का?

क्रॅनिओफॅरिंजिओमा ही मेंदूतली गाठ आहे. ती कॅन्सर नव्हे, पण शरीरातले हार्मोन सांभाळणाऱ्या पिट्यूटरी ग्रंथीजवळ, फार अवघड जागी होते. मुलांमध्ये तिच्यासोबत बहुधा सिस्ट, म्हणजे द्रवानं भरलेली पिशवी असते. तिलाच पाण्याची गाठ म्हणतात. तिच्यातला द्रव इंजिन ऑइलसारखा काळपट असतो. सिस्ट फुगली की डोळ्यांच्या नसा दाबल्या जातात. द्रव काढून टाकला की आराम पडतो, पण सिस्टचं अस्तर आत राहतं आणि ती पुन्हा भरू शकते.

अशा वेळी काही रुग्णांना न्यूरोसर्जन डोक्याच्या कातडीखाली ओमाया रिझर्व्हायर ही छोटी डबी बसवतात. तिची नळी सिस्टमध्ये जाते. तिथून द्रव काढता येतो आणि औषधही सोडता येतं. ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी मुलांमध्ये वापरलेल्या पद्धतीत सिस्टमध्ये इंटरफेरॉन अल्फा या औषधाचे 30 लाख युनिट, आठवड्यातून तीनदा, असे 12 डोस देतात. ताप आणि थकवा येऊ शकतो. ब्लिओमायसिन हे कॅन्सरवरचं औषधही वापरलं गेलं आहे, पण ते सिस्टबाहेर झिरपलं तर नसांना आणि मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. त्यामुळे आधी स्कॅनमध्ये दिसणारा डाय सिस्टमध्ये सोडून गळती तपासतात. ही औषधं गाठ मुळापासून काढत नाहीत. वाढत्या वयाच्या मुलाचं मोठं ऑपरेशन किंवा रेडिएशन लांबवणं, हाच त्यांचा मोठा उपयोग. ती रुग्णालयातच द्यायची असतात. आमच्याकडून इंटरफेरॉन नेताना थंड डबा आणा. ते 2 ते 8 अंशांत राहायला हवं आणि गोठता कामा नये.

गोळ्यांची आशा आहे ती मुख्यतः मोठ्यांमधल्या पॅपिलरी प्रकारात, तिथे बहुतेकांच्या गाठीत बीआरएएफ नावाच्या जनुकात बदल सापडतो. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वेमुराफेनिब आणि कोबिमेटिनिब या गोळ्या घेणाऱ्या 16 पैकी 15 जणांची गाठ बरीच आक्रसली. म्हणून बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये प्रकार कोणता लिहिलाय, ते डॉक्टरांना जरूर विचारा.

आता घरातल्या औषधांबद्दल, कारण आम्हाला खरी काळजी त्यांचीच वाटते. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडनं सूज उतरते, सिस्ट नाही. ते खाल्ल्यावर घ्या. साखर वाढू शकते. बरं वाटतंय म्हणून ते एकदम थांबवू नका. या आजारात पिट्यूटरी दुबळी झालेली असते, त्यामुळे शरीरात कॉर्टिसोल हे हार्मोन कमी पडतं आणि अनेकांना त्याच्या जागी हायड्रोकॉर्टिसोन कायमचं लागतं. ते चुकलं तर जीवावर बेतू शकतं. ताप आला तर डोस वाढवावा लागतो. उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शन लागतं, तेव्हा रात्र असली तरी रुग्णालय गाठा. थायरॉइडची गोळी सुरू होण्याआधी कॉर्टिसोलची कमतरता भरून काढलेली असावी लागते. दोन्ही चिठ्ठ्या वेगवेगळ्या डॉक्टरांच्या असतील तर आम्हाला एकत्र दाखवा.

वारंवार लघवी आणि तहान यांसाठी डेस्मोप्रेसिन देतात. ते जास्त झालं तर शरीरात पाणी साठतं, सोडियम उतरतं आणि डोकेदुखी, उलटी, गोंधळ सुरू होतो. हीच लक्षणं सिस्ट वाढल्यावरही दिसतात. घरी अंदाज बांधत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

हायड्रोकॉर्टिसोन आणि डेस्मोप्रेसिन दर वेळी लगेच मिळतीलच असं नाही. आठवडाभराचा साठा उरला की आम्हाला फोन करा, आम्ही मागवून ठेवतो.