मार्शा एकच, अल्बम दोन

अमेरिकन ब्लूज गायिका मार्शा बॉल पियानोला बसायची ती एका पायावर दुसरा पाय टाकून, आणि वरचा पाय गाणं संपेपर्यंत तालावर झुलत राहायचा. या बाईंच्या नावावर असे दोन अल्बम आहेत की त्यांची गल्लत झाली नाही असा ब्लूजचा श्रोता मला अजून भेटायचाय. एक १९९०चा 'ड्रीम्स कम ट्रू', दुसरा १९९८चा 'सिंग इट!'. दोन्हींत गायिका तीन, तिघींपैकी एक मार्शा, आणि तिघींचा मान सारखा. मोबाइलवर गाणी एकामागून एक आपोआप लागत असताना कुठलं कुठल्या अल्बममधलं हे कोण बघतं? मी स्वतः कितीतरी दिवस ट्रेसी नेल्सनचा आवाज लू अ‍ॅन बार्टनचा समजून ऐकत होतो. आता त्याची लाज वाटते. दोघींच्या गळ्यांत मिरची आणि मिरी यांच्याइतका फरक आहे.

आधी नावं लावून घेऊ. 'ड्रीम्स कम ट्रू'मध्ये मार्शाबरोबर लू अ‍ॅन बार्टन आणि अँजेला स्ट्रेली. 'सिंग इट!'मध्ये मार्शाबरोबर अर्मा थॉमस आणि ट्रेसी नेल्सन. पहिला टेक्ससमधल्या ऑस्टिनच्या 'अँटोन्स' लेबलचा, दुसरा मॅसॅच्युसेट्सच्या 'राउंडर' कंपनीचा. एवढं पाठ केलं तरी परीक्षेत पास व्हाल. कानाला फरक कळायला मात्र थोडं मागे जावं लागतं.

क्लिफर्ड अँटोन नावाच्या ब्लूजवेड्या तरुणाने १९७५मध्ये ऑस्टिनच्या सिक्स्थ स्ट्रीटवर क्लब काढला. मडी वॉटर्ससारखे शिकागोचे बुजुर्ग तिथे येऊन गायचे आणि गावातली पोरं त्यांच्या पायाशी बसून शिकायची. स्ट्रेली लबकची. ती त्या क्लबात नुसती गात नव्हती, तो चालवायलाही हातभार लावायची. पुढे १९८७मध्ये क्लबाने स्वतःचं लेबल काढलं आणि त्याच वर्षी तिचा 'सोल शेक' हा अल्बम निघाला. बार्टन फोर्टवर्थची. गिटारवादक स्टीव्ही रे वॉन जगाला ठाऊक व्हायच्या आधी ती त्याच्या 'ट्रिपल थ्रेट' बँडमध्ये गात होती. मार्शा सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून ऑस्टिनमध्ये, आधी चक्क कंट्री, म्हणजे अमेरिकन गावाकडची गाणी गाणाऱ्या बँडबरोबर. तिघी एकाच गावच्या रंगमंचावर वाढलेल्या, एकमेकींच्या खोड्या माहीत असलेल्या. एकीने मुखडा उचलला की बाकीच्या दोघींनी कुठे टेकू द्यायचा हे स्टुडिओत जाऊन ठरवायची त्यांना गरजच नव्हती.

अल्बमचा निर्माता डॉ. जॉन. हा न्यू ऑर्लिन्सचा पियानोवाला, म्हणजे टेक्ससच्या बायकांच्या अल्बमला लुइझियानाचा हात. (इथेही गोंधळ घालायला जागा आहे: दोन्ही अल्बमांना न्यू ऑर्लिन्सचा वास येतो, फक्त दोन वेगळ्या दारांतून.) गाण्यांत 'अ फूल इन लव्ह' आहे. आइक आणि टीना टर्नरचं हे १९६०चं गाणं. मूळ गाण्यात टीना एकटी किंचाळते आणि मागच्या मुली तिला जाब विचारल्यासारख्या उत्तरं देतात. इथे तिघी मिळून ते गाणं वाटून घेतात.

आणि इथेच माझ्या मते खरा फरक दडलाय. 'ड्रीम्स कम ट्रू'मधल्या तिन्ही गायिका गोऱ्या, टेक्ससच्या क्लबातल्या. त्या ज्यांची गाणी गातात, ज्यांच्यासारखं गायला मिळावं म्हणून त्यांनी तारुण्य घालवलं, त्या काळ्या गायिका त्या खोलीत नाहीत. आहे तो त्यांचा आदर. 'सिंग इट!'मध्ये तसली एक गायिका शेजारच्याच माइकवर उभी आहे.

ती अर्मा थॉमस. जन्म १९४१, लुइझियानातलं पॉन्चाटूला. न्यू ऑर्लिन्सच्या क्लबात वाढपी म्हणून काम करताना ती बँडबरोबर गायला लागली आणि त्यापायी नोकरीवरून गेली. त्याने जगाचं भलंच झालं. विशीच्या आत तिला चार मुलं होती. 'इट्स रेनिंग' १९६२चं, 'विश समवन वुड केअर' १९६४चं. त्याच १९६४मध्ये तिने 'टाइम इज ऑन माय साइड' म्हटलं आणि रोलिंग स्टोन्सनी ते उचलून जगभर गाजवलं. मग लोक तिलाच म्हणू लागले, 'बाई, स्टोन्सचं गाणं छान म्हणता हो!' वैतागून तिने ते गाणं कित्येक वर्षं सोडून दिलं. गल्लतीचा लेख लिहायचा तर यापेक्षा बोचरी गल्लत मला दुसरी सापडणार नाही.

मार्शा १९६२मध्ये तेरा वर्षांची असताना न्यू ऑर्लिन्सला गेली होती. तिथे तिने पहिल्यांदा अर्माला गाताना पाहिलं. टेक्ससच्या सीमेलगतच्या व्हिंटन गावात, पियानो वाजवणाऱ्या आजी आणि आत्या-मावश्यांच्या घरात वाढलेली ही पोर तेव्हाच पागल झाली. छत्तीस वर्षांनी त्याच अर्माबरोबर बरोबरीने ध्रुवपद म्हणायची वेळ आली. अल्बमभर मार्शाच्या आवाजात एक जपून टाकलेलं पाऊल ऐकू येतं, निदान मला तरी. 'ड्रीम्स'मध्ये ती बिनधास्त आहे, मैत्रिणींवर कुरघोडी करते. 'सिंग इट!'मध्ये ती घरात मोठं माणूस आलंय हे ओळखून बसल्यासारखी गाते.

ट्रेसी नेल्सनला मात्र तसला संकोच नाही. विस्कॉन्सिनच्या मॅडिसनमध्ये वाढलेली, साठच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत 'मदर अर्थ' बँडचा आवाज झालेली ही बाई. 'डाउन सो लो' हे तिचं स्वतःचं गाणं. एटा जेम्ससारख्या थोर गायिकेने ते पुढे गायलं, यात सगळं आलं. तिचा गळा रुंद, जड, चर्चच्या घंटेसारखा घुमणारा. बार्टनचा पातळ आणि खरखरीत, वाक्याच्या शेवटी हिसका देणारा. स्ट्रेलीचा सावळा, सावकाश. अर्मा कधी ओरडत नाही. ती ऊब देते आणि ती ऊबच चटका लावते. हे चार आवाज ओळखू यायला लागले की कव्हर बघायची गरज उरत नाही.

संगीताच्या जातीचं थोडक्यात. ब्लूजचा पाठ्यपुस्तकी साचा बारा बारचा: चार मात्रांचा एक बार, पहिली ओळ दोनदा, तिसरी ओळ उत्तराची. त्या मापाने दोन्ही अल्बम सोवळे नाहीत. 'ड्रीम्स' रिदम अँड ब्लूजकडे झुकतो, नाचायला लावतो, शनिवारच्या रात्रीचा आहे. 'सिंग इट!' सोलकडे, म्हणजे चर्चच्या गाण्यातून आलेल्या काळ्यांच्या संगीताकडे जातो आणि त्यात रविवारच्या चर्चची सावली आहे. तरी ग्रॅमीवाल्यांनी त्याला नामांकन दिलं ते समकालीन ब्लूजच्या गटातच. दुकानदाराला खण भरायचे असतात, तसंच हे. अर्माला प्रत्यक्ष ग्रॅमी मिळाली २००७मध्ये, कटरिना वादळात घर आणि क्लब दोन्ही पाण्याखाली गेल्यानंतर केलेल्या 'आफ्टर द रेन'साठी.

'सिंग इट!' जुळून येण्यामागे एक साधं व्यावहारिक कारणही होतं: तिघीही राउंडरच्याच कलावंत होत्या. मैत्रीने जमलेला अल्बम आणि कंपनीने जमवलेला अल्बम असा भेद करून पहिल्याला वरचढ ठरवण्याचा मोह होतो. मला तो पटत नाही. कंपनीने माणसं जमवली म्हणून गाणं खोटं ठरत नाही, आणि मैत्रिणी जमल्या की प्रत्येक गाणं रंगतंच असंही नाही. 'ड्रीम्स'मधली एक-दोन गाणी केवळ मजेखातर घेतल्यासारखी वाटतात.

मुंबईत २०११पासून वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत ब्लूजचा महोत्सव भरू लागला, तेव्हापासून आपल्याकडे 'बडी गाय' या ब्लूज गिटारवादकाचं नाव घेणारे पुष्कळ झाले. बायकांचा ब्लूज कुठून ऐकू, असं त्यांच्यातलं कुणी विचारलं तर मी 'सिंग इट!' आधी देतो, अर्मासाठी. 'ड्रीम्स' नंतर, घरात चार माणसं असताना, आवाज मोठा करून.

आणि शोधताना नुसतं 'ड्रीम्स कम ट्रू' टाकू नका. त्या नावाचा जपानी पॉप बँड आहे, भलताच लोकप्रिय. मी एकदा अर्धा तास तोच ऐकत बसलो होतो, मार्शा केव्हा सुरू होतेय याची वाट बघत. पुढे स्ट्रेलीचं नाव जोडा.