ओढणं वेगळं, पेलणं वेगळं: पिकअप ट्रक आणि फॅमिली ट्रेलरचा हिशोब

"ट्रक अकरा हजार पौंड ओढतो, ट्रेलर भरून सात हजारांचा होतो. मग अडलं कुठे?" अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर, घ्यायला निघालेल्या कुटुंबांकडून हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की आता उत्तर एकदा नीट लिहून काढतो. या दोन आकड्यांत अडतच नाही. तिसरा एक आकडा असतो, पेलोडचा. तो जाहिरातीत मोठ्या अक्षरांत येत नाही, विक्रेता आपणहून सांगत नाही, पण प्रत्येक ट्रकच्या ड्रायव्हरच्या दाराशी चिकटवलेला असतो. सहलीला निघालेल्या चौकोनी कुटुंबाचा ट्रेलर केवढा असावा हे बहुतेक वेळा तोच ठरवतो.

टोइंग कपॅसिटी म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे: ट्रक मागे किती वजन ओढू शकतो. इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर, ब्रेक या सगळ्यांची ती परीक्षा. २०११ च्या सुमारास पिकअप कंपन्या हळूहळू एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे२८०७ या एकाच मानकाकडे वळू लागल्या, त्यामुळे हे आकडे आता पूर्वीपेक्षा बरेच विश्वासार्ह आहेत. त्या चाचणीत ॲरिझोनातला डेव्हिस डॅमचा लांबलचक चढ भर उन्हाळ्यात, एसी पूर्ण चालू ठेवून चढायचा असतो, आणि वेग ठरलेल्या मर्यादेखाली जाऊ द्यायचा नसतो. म्हणून "ओढेल का?" या प्रश्नाची फार काळजी करू नका. ओढेल.

पेलेल का, ही खरी काळजी.

पेलोड म्हणजे ट्रकच्या स्वतःच्या अंगावर किती ओझं चालेल ते. ड्रायव्हरचं दार उघडा. खांबावर पिवळ्या पट्टीचं एक स्टिकर असतं, त्यावर टायरचे आकार आणि हवेचा दाब लिहिलेला असतो. त्याच स्टिकरवर एक वाक्य असतं: बसणारी माणसं आणि सामान यांचं एकत्रित वजन अमुक पौंडांच्या वर कधीही जाऊ नये. हा आकडा नेमका त्या ट्रकचा, कारखान्यातून तो जसा बाहेर पडला तसा. माहितीपत्रकातला "कमाल पेलोड" हा त्या मॉडेलच्या सगळ्यात हलक्या, सगळ्यात साध्या ट्रकचा असतो. तुमच्या ट्रकला काचेचं छत असेल, फोर बाय फोर असेल, चार दारांची मोठी केबिन असेल, आपोआप उघडणाऱ्या पायऱ्या असतील, तर त्या प्रत्येक गोष्टीचं वजन पेलोडमधूनच वजा झालेलं असतं. एकाच मॉडेलच्या साध्या आणि महागड्या ट्रकमध्ये कित्येकशे पौंडांचा फरक पडतो. इंटरनेटवर आकडा शोधून "माझ्या ट्रकचा पेलोड दोन हजार आहे" असं कुणी सांगितलं, की मी स्टिकरचा फोटो मागतो. फोटोत बहुतेकदा चौदा-पंधराशेच निघतात.

आता मूळ गोंधळाकडे येऊ. ट्रेलर मागे आहे, त्याला स्वतःची चाकं आहेत, मग त्याचा आणि ट्रकवरच्या ओझ्याचा संबंध काय, असं जवळजवळ प्रत्येकाला वाटतं. सुरुवातीला मलाही वाटायचं. ट्रेलर चाकांवर चालतो हे खरं, पण तो पुढच्या टोकाने ट्रकवर टेकलेला असतो. ट्रेलरच्या वजनाचा काही भाग हिचवाटे, म्हणजे ट्रक आणि ट्रेलर जोडणाऱ्या सांध्यावाटे, सरळ ट्रकच्या मागच्या भागावर येतो. त्याला टंग वेट म्हणतात. ट्रॅव्हल ट्रेलरसाठी तो भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. मी हिशोबाला १३ टक्के धरतो.

बैलगाडी जुंपणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. गाडीतलं ओझं चाकांवर असतं, पण जू बैलाच्या मानेवर असतं. बैल किती ओढेल हा एक प्रश्न, आणि मानेवर किती भार येईल हा दुसरा. ओझं फार पुढे भरलं की जू मान दाबतं. फार मागे भरलं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि गाडी ताब्यात राहत नाही. म्हणून जाणता माणूस गाडी भरताना ओझं किंचित पुढेच ठेवतो. ट्रकचं हिच म्हणजे तेच जू, आणि टंग वेट म्हणजे मानेवरचा भार.

फरक इतकाच, की या बैलाच्या पाठीवर तुमचं सगळं कुटुंबही बसलेलं आहे.

एक हिशोब मांडून पाहू. अर्ध्या टनी वर्गातला (मोठ्या पिकअपमधला हलका वर्ग, नाव जुनं आहे) ट्रक घ्या, म्हणजे एफ-१५०, सिल्व्हराडो १५००, रॅम १५०० किंवा टुंड्राच्या तोलाचा. टोइंग ११,००० पौंड, दारावरचा पेलोड १,४५० पौंड. ट्रेलर बंक बेडवाला, रिकामा ५,८०० पौंड, प्रवासाला भरल्यावर ७,००० पौंड. ओढण्याच्या खात्यात चार हजार पौंड शिल्लक, म्हणून मन निवांत.

आता पेलण्याचं खातं उघडा. ७,००० चे १३ टक्के म्हणजे ९१० पौंड टंग वेट. भार पुढच्या चाकांकडे वाटून देणाऱ्या वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचं स्वतःचं वजन ९० पौंड धरा. झाले १,०००. वडील १८०, आई १४५, मुलं ९० आणि ६५, मिळून ४८०. बेरीज १,४८०. अजून हौद्यात, म्हणजे ट्रकच्या मागच्या उघड्या भागात, काहीच ठेवलेलं नाही, आणि ट्रक ३० पौंडांनी मर्यादेबाहेर गेला. आता चार सायकली, जनरेटर, आइसबॉक्स, शेकोटीची लाकडं आणि हौद्यावरचं झाकण मिळून २२० पौंड धरले, तर तुम्ही २५० पौंड जास्त घेऊन महामार्गावर निघालात. इंजिनाला यातलं काही जाणवत नाही. म्हणून "मागे ट्रेलर आहे हे कळतसुद्धा नाही" हा दाखला मी मानत नाही. इंजिनाला न कळणं आणि मागच्या ॲक्सलला, टायरला, स्प्रिंगला न कळणं यांत फार अंतर आहे.

मग टोइंगचा आकडा खोटा का? नाही. तो ज्या गृहीतावर उभा आहे ते कुणी वाचत नाही. मानकाच्या चाचणीत ट्रकमध्ये दोनच माणसं धरतात, प्रत्येकी १५० पौंडांची, आणि टंग वेट १० टक्के. ११,००० चे १० टक्के म्हणजे १,१००, त्यात माणसांचे ३००. झाले १,४००. आपल्या उदाहरणातल्या ट्रकचा पेलोड १,४५०. म्हणजे दोन आकडे एकमेकांशी जुळतात, पण फक्त दोन सडपातळ माणसं रिकाम्या हौद्याने निघाली तरच. मागच्या सीटवर मुलं बसली की टोइंगच्या त्या मोठ्या आकड्याला अर्थ उरत नाही.

म्हणून गणित उलटं करा. दारावरचे १,४५० घ्या. त्यातून कुटुंबाचे ४८०, हिचचे ९०, हौद्यातले कमीत कमी १५० वजा करा. उरले ७३०. त्याला ०.१३ ने भागा: साधारण ५,६०० पौंड. या कुटुंबासाठी हा ट्रक एवढाच ट्रेलर नेऊ शकतो, तोही भरलेल्या वजनाचा. अकरा हजार नाही, सात हजारही नाही. मुलं मोठी होतील तसा हा आकडा आणखी खाली येईल. आज ६५ पौंडांचा मुलगा सहा वर्षांत १४० चा होतो, ट्रेलर मात्र तोच राहतो.

पेलोड संपला की लोक तीन उपाय सुचवतात, आणि तिन्हींबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे.

पहिला, मागच्या स्प्रिंगला हवेच्या पिशव्या. ट्रकचा मागचा भाग वर उचलला जातो, दिसायला सरळ दिसतो. पण ॲक्सल तोच, टायर तेच, ब्रेक तेच. दारावरचा आकडा एका पौंडानेही वाढत नाही.

दुसरा, वेट डिस्ट्रिब्यूशन हिच. ही वस्तू चांगली आहे आणि या आकाराच्या ट्रेलरला ती लावाच. हिचवर भार आला की ट्रकची पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग सैल लागतं, ब्रेकची पकड कमी होते. हे हिच तो भार पुन्हा पुढच्या ॲक्सलवर आणि थोडासा ट्रेलरच्या ॲक्सलवर ढकलतं. पण पुढच्या ॲक्सलवर गेलेला भारही ट्रकवरच असतो. ट्रेलरकडे परत जातो तो अगदी थोडा. अडीचशे पौंडांचा खड्डा त्याने भरत नाही.

तिसरा उपाय ऐकला की माझा जीव खरोखर वर-खाली होतो: "सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला सरकवा, टंग वेट आपोआप कमी होईल." कमी होईल हे खरंच. आणि ट्रेलर उलाळ होईल. टंग वेट दहा टक्क्यांच्या खाली गेलं की शेजारून जाणाऱ्या मोठ्या ट्रकच्या वाऱ्याने किंवा उतारावर वाढलेल्या वेगाने ट्रेलरची शेपटी डुलू लागते, आणि प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. एका मर्यादेनंतर ट्रेलरच ट्रकला चालवतो. स्टिकरवरचा आकडा जुळवण्यासाठी ट्रेलरची शेपटी जड करणं हा या सगळ्यातला सर्वांत धोकादायक मार्ग आहे. टंग वेट जास्त होत असेल तर ट्रेलर लहान घ्या किंवा ट्रक मोठा घ्या. मागच्या बंपरवर सायकलींचा रॅक लावणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं: तेवढ्या लांबवरचं वजन पुढचं टोक जेवढं उचलतं, तेवढं ॲक्सलजवळ ठेवलेलं तेच वजन उचलत नाही.

बाकीचे घोळ यापुढे किरकोळ आहेत. माहितीपत्रकातलं ड्राय वेट विसरून जा. त्यात पाणी, भांडी, अंथरूण, कपडे नसतात, आणि बऱ्याचदा बॅटरी आणि भरलेले गॅस सिलिंडरही नसतात, जे नेमके ट्रेलरच्या जिभेवरच, म्हणजे हिचला जोडणाऱ्या पुढच्या टोकावरच, बसतात. त्यामुळे तिथे छापलेलं टंग वेटही खऱ्यापेक्षा कमीच असतं. एक गॅलन पाणी ८.३ पौंडांचं. ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पौंड वाढले, आणि टाकी ॲक्सलच्या पुढे असेल तर त्यातला काही भार पुन्हा हिचवर. हिशोब नेहमी भरलेल्या वजनाचा करा. ते माहीत नसेल तर ट्रेलरच्या स्टिकरवरची कमाल मर्यादा, म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर, धरा. जीसीडब्ल्यूआर ही ट्रक आणि ट्रेलर मिळून एकत्रित मर्यादा. तीही पाळायची, पण फॅमिली ट्रेलरच्या बाबतीत तिथवर पोचण्याआधीच पेलोड संपलेला असतो. हिच ज्यात बसतं त्या ट्रकवरच्या रिसीव्हरवर स्वतःची वेगळी मर्यादा छापलेली असते, तीही वाचा. आणि ट्रेलरच्या ब्रेकसाठी ट्रकमध्ये ब्रेक कंट्रोलर हवाच, याबद्दल मी वाद घालत नाही.

"मग फिफ्थ व्हील प्रकारचा ट्रेलर घेऊ, तो हौद्यात मधोमध टेकतो" असं म्हणणाऱ्यांनी एवढंच पाहावं की त्याचा भार ट्रेलरच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त येतो. चालवायला तो स्थिर असतो, पण पेलोड जास्त वेगाने खातो. अर्ध्या टनी ट्रक आणि चौघांचं कुटुंब असेल तर मी तो विचारच सोडायला सांगेन.

मोठा ट्रक घेतानाही हाच घोळ पुन्हा भेटतो. पाऊण टनी, म्हणजे एक पायरी वरच्या वर्गातल्या, ट्रकमध्ये डिझेल इंजिन घेतलं की टोइंगचा आकडा वर जातो, पण ते इंजिन पेट्रोलवाल्यापेक्षा बरंच जड असतं, म्हणून पेलोड खाली येतो. एकाच खरेदीत ओढणं वाढलं आणि पेलणं घटलं. रोज रॉकी पर्वत ओलांडायचा नसेल, तर सात-आठ हजारांच्या ट्रेलरसाठी मी पेट्रोलवाला पाऊण टनीच सुचवतो.

हे सगळं गणित शेवटी अंदाजच आहे. खरा आकडा वजनकाट्यावर कळतो. महामार्गांवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचे वजनकाटे असतात आणि तिथे खासगी गाडीलाही वजन करून मिळतं. पहिल्या सहलीला निघताना सगळे बसलेले, हौदा भरलेला, पेट्रोलची टाकी भरलेली, अशा अवस्थेत काट्यावर जा. पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलरचे ॲक्सल यांची वजनं वेगवेगळी मिळतात. पहिली दोन मिळवा आणि दारावर लिहिलेल्या ट्रकच्या जीव्हीडब्ल्यूआरशी ताडून पाहा. मागच्या ॲक्सलचा आकडा त्याच्या स्वतःच्या मर्यादेशीही ताडा, ती त्याच दारावर असते. मग ट्रेलर सोडून एकट्या ट्रकचं पुन्हा वजन करा. वेट डिस्ट्रिब्यूशनचे दांडे न लावता जोडलेल्या ट्रकच्या वजनातून हे वजा केलं की खरं टंग वेट हातात येतं. ट्रेलर अजून घ्यायचाच असेल, तर आधी फक्त ट्रक आणि कुटुंब घेऊन काट्यावर जा. जीव्हीडब्ल्यूआरमधून ते वजन वजा करा. उरलेला आकडा कागदावर लिहून ट्रेलर पाहायला न्या, आणि विक्रेत्याने टोइंगचा विषय काढला की तो कागद त्याच्यापुढे ठेवा.