वर्डप्रेस डॉट कॉम आणि वर्डप्रेस डॉट ऑर्ग: आपले संकेतस्थळ नेमके कुठे असते?

“मी वर्डप्रेसवर खाते उघडले आहे, पण व्हिडिओत दाखवतात तो प्लगइनचा, म्हणजे संकेतस्थळाला जादा सोयी जोडण्याचा, पर्याय मला चालवताच येत नाही.” नवे संकेतस्थळ सुरू करणाऱ्या माणसांकडून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की, समोरचा पुढे काय सांगणार हे मला आधीच ठाऊक असते. त्याने खाते वर्डप्रेस डॉट कॉमवर उघडलेले असते आणि तो पाहत असलेला व्हिडिओ डॉट ऑर्गवरून घेतलेल्या वर्डप्रेसचा असतो. चूक त्याची नसते. चूक त्या शिकवणाऱ्यांची असते, जे पहिल्याच मिनिटाला “वर्डप्रेसवर जा” असे सांगून मोकळे होतात आणि कोणत्या वर्डप्रेसवर जायचे, हे सांगण्याची तसदी घेत नाहीत.

यांपैकी डॉट कॉम बहुतेकांना परिचित असते, म्हणून त्यावर मी फार वेळ घालवत नाही. ईमेल देऊन खाते काढायचे, शेवटी ‘वर्डप्रेस डॉट कॉम’ असलेला पत्ता निवडायचा आणि लिहायला लागायचे. सर्व्हर (संकेतस्थळ ज्यावर ठेवलेले असते तो संगणक), सुरक्षा, सॉफ्टवेअर अद्ययावत करणे ही सगळी कामे ऑटोमॅटिक ही कंपनी पाहते. फुकटच्या योजनेत जागा मर्यादित असते, वाचकांना कंपनीच्या जाहिराती दिसतात आणि स्वतःचे डोमेन, म्हणजे स्वतःच्या नावाचा पत्ता, जोडायचा झाल्यास पैशांची योजना घ्यावी लागते.

नावाचा घोळ कशातून झाला, हे एकदा समजून घेतलेले बरे. वर्डप्रेस हे मुळात संकेतस्थळ बनवण्याचे एक सॉफ्टवेअर आहे. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी बी-टू नावाच्या बंद पडत चाललेल्या सॉफ्टवेअरची संहिता (कोड) घेऊन ते उभे केले आणि २७ मे २००३ रोजी त्याची पहिली आवृत्ती बाहेर पडली. ते जीपीएल या मुक्त परवान्याखाली असल्याने कोणालाही घेता येते, वापरता येते, बदलता येते आणि पुढे वाटताही येते. पुढे २००५ मध्ये मुलेनवेग यांनी ऑटोमॅटिक कंपनी काढली आणि हेच सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर चालवून लोकांना तयार सेवा म्हणून देण्यासाठी वर्डप्रेस डॉट कॉम सुरू केले. म्हणजे एक सॉफ्टवेअर आहे आणि दुसरी त्या सॉफ्टवेअरवर चालणारी एका कंपनीची सेवा आहे. दोन्हींना एकच नाव पडले आणि त्याचा भुर्दंड नवशिके आजतागायत भरत आहेत.

लोक या दोहोंतील फरक सांगताना जाहिराती, थीमची (संकेतस्थळाच्या तयार रूपांची) संख्या, जागेची मर्यादा अशी लांबलचक तुलना मांडतात. हे फरक खरे असले तरी किरकोळ आहेत. योजना बदलली की ते बदलतात आणि कंपनी आपल्या योजना वेळोवेळी बदलत असतेच. लिहिण्याचा ब्लॉक संपादक दोन्हीकडे सारखाच आहे, नोंदी (पोस्ट) व पाने यांची रचनाही एकच आहे. एकीकडे लिहायला शिकलेल्या माणसाला दुसरीकडे पुन्हा शिकावे लागत नाही.

खरी गोम वेगळीच आहे. डॉट कॉमवर ज्याप्रमाणे आपले संकेतस्थळ असते, त्याचप्रमाणे ते डॉट ऑर्गवरही असते, असा जवळजवळ प्रत्येकाचा समज होतो. तो समूळ चुकीचा आहे. डॉट ऑर्गवर कोणाचेही संकेतस्थळ ठेवले जात नाही. तेथे सॉफ्टवेअरची झिप फाइल मिळते, थीम आणि प्लगइन यांची भांडारे आहेत, माहितीपर लेखन आहे आणि स्वयंसेवक उत्तरे देतात ते मदतीचे विभाग आहेत. आपले लेखन, आपली छायाचित्रे, आपल्या वाचकांच्या प्रतिक्रिया यांपैकी काहीही तेथे नसते. “माझी साइट डॉट ऑर्गवर आहे” हे वाक्य जाणते लोकही सर्रास बोलतात, आणि मला त्याचा मनस्वी त्रास होतो, कारण पुढचे सगळे गोंधळ याच एका वाक्यातून जन्माला येतात.

मग अशा वेळी संकेतस्थळ असते कुठे? ते होस्टिंग कंपनीच्या, म्हणजे संकेतस्थळ ठेवायला पैसे घेऊन जागा देणाऱ्या कंपनीच्या, सर्व्हरवर असते. तेथे दोन गोष्टी असतात: फाइलींचा एक संच आणि एक डेटाबेस. आपण लिहिलेला मजकूर डेटाबेसमध्ये जातो; आपण चढवलेली छायाचित्रे, थीम आणि प्लगइन ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ नावाच्या फोल्डरमध्ये राहतात; आणि या दोहोंची सांगड घालणारी डेटाबेसचे नाव व पासवर्ड असलेली ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ ही छोटी फाइल मुळाशी असते. याशिवाय तिसरी गोष्ट म्हणजे डोमेन, अर्थात आपला पत्ता. तो बहुधा वेगळ्याच नोंदणीदाराकडे, वेगळ्या खात्यात आणि वेगळ्या मुदतीने नोंदवलेला असतो. सॉफ्टवेअर फुकट मिळते, होस्टिंग आणि डोमेन यांचे पैसे पडतात, आणि त्या पैशांशी डॉट ऑर्गचा काडीचाही संबंध नसतो. “वर्डप्रेसचे दरवर्षीचे पैसे भरले” असे जेव्हा कोणी सांगते, तेव्हा त्याने नेमके कशाचे पैसे भरले हे मी आवर्जून विचारतो. अनेकदा होस्टिंगचे भरलेले असतात आणि डोमेनची मुदत संपत आलेली असते.

ही गोष्ट मनात पक्की झाली की पासवर्डचा गुंताही सुटतो. स्वतंत्र होस्टिंगवर संकेतस्थळ चालवणाऱ्या नवशिक्याकडे निदान तीन लॉगिन असतात: होस्टिंग कंपनीचे, डोमेन नोंदणीदाराचे आणि स्वतःच्या संकेतस्थळाचे, म्हणजे आपल्या पत्त्यापुढे ‘डब्ल्यूपी-ॲडमिन’ लिहिल्यावर उघडते ते. त्याने कधी मदतीसाठी डॉट ऑर्गवर खाते काढले असेल तर ते चौथे. त्याने आपल्या संकेतस्थळावर ऑटोमॅटिकचे जेटपॅक हे प्लगइन बसवून जोडले असेल, तर त्याला डॉट कॉमचे खातेही काढावे लागते. तेथे त्याचे संकेतस्थळ यादीत दिसू लागते आणि तो बुचकळ्यात पडतो की, आपले संकेतस्थळ डॉट कॉमवर केव्हा गेले. ते कुठेही गेलेले नसते. फक्त जोडलेले असते. डॉट ऑर्गच्या खात्याचा पासवर्ड आपल्या संकेतस्थळाला चालत नाही, म्हणून तासन्‌तास हताश होऊन बसलेली माणसे मी पाहिली आहेत. ते दार त्या किल्लीने उघडणे शक्यच नसते.

मदत कोणाकडे मागायची, हेही यावरूनच ठरते. डॉट कॉमवरील संकेतस्थळ बंद पडले तर कंपनीला विचारावे. स्वतंत्र होस्टिंगवरील संकेतस्थळ अजिबात उघडत नसेल, तर आधी होस्टिंग कंपनीला विचारावे आणि डोमेनची मुदत तपासावी; एखादे प्लगइन बिघडले असेल, तर डॉट ऑर्गवर त्या प्लगइनच्या पानावर विचारावे. तेथे उत्तर देणारे बहुतांशी स्वयंसेवक असतात आणि आपला सर्व्हर त्यांच्या हातात नसतो. “आमची साइट परत सुरू करून द्या” ही मागणी त्यांच्याकडे करणे म्हणजे घरचे पाणी गेले म्हणून नळ घडवणाऱ्या कारागिराकडे तक्रार करण्यासारखे आहे.

डॉट कॉम म्हणजे भाड्याचे घर आणि डॉट ऑर्ग म्हणजे स्वतःचे घर, ही तुलना जिथे-तिथे केली जाते. ती थांबवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. होस्टिंग हेही भाडेच आहे आणि डोमेनही कायमचे विकत मिळत नाही. त्याची मुदत वाढवत राहावी लागते. डॉट ऑर्गवरून मिळते ते घर नव्हे; कोणत्याही भाड्याच्या खोलीत मांडता येईल अशी भांडीकुंडी मिळतात. एका खोलीतून दुसरीत ती हलवता येतात, हा त्यांचा मोठा गुण आहे. पण त्या हलवण्याचा हक्क ज्याच्या नावावर होस्टिंग आणि डोमेन आहे, त्याच्याकडेच असतो.

एका लहान सार्वजनिक वाचनालयाचे संकेतस्थळ मी जवळून पाहत होतो. ते एका ओळखीच्या मुलाने हौसेने करून दिले होते, आणि “हे डॉट ऑर्गचे आहे, म्हणजे पूर्णपणे आपल्या मालकीचे आहे” असे कार्यकारिणीला सांगितले गेले होते. प्रत्यक्षात होस्टिंग आणि डोमेन दोन्ही त्या मुलाच्या वैयक्तिक ईमेलवर होते. तो नोकरीसाठी परगावी गेला, जुना ईमेल त्याने सोडला, मुदतवाढीच्या सूचना कोणी वाचल्याच नाहीत, आणि एके दिवशी वाचनालयाची ग्रंथसूची व कार्यक्रमांची छायाचित्रे दिसेनाशी झाली. मजकूर कोणी चोरला नव्हता की सॉफ्टवेअर बिघडले नव्हते. मालकी कशात असते, हेच कोणाला ठाऊक नव्हते. म्हणून संस्थेचे डोमेन संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्याच ईमेलवर नोंदवावे, याबाबत मी कोणतीही तडजोड मान्य करत नाही.

गंभीर काम करायचे असेल तर डॉट ऑर्गच घ्या, असा सरसकट सल्ला मी देत नाही. वर्डप्रेसची छोटी सुरक्षाविषयक अद्यतने २०१३ मधील ३.७ या आवृत्तीपासून आपोआप बसतात हे खरे, पण बॅकअप घेणे, प्लगइन अद्ययावत आहेत का हे पाहणे आणि कोणीही वाली न उरलेले प्लगइन काढून टाकणे, ही कामे माणसालाच करावी लागतात. त्याच सर्व्हरवर ठेवलेल्या बॅकअपला तर मी बॅकअप म्हणतच नाही. महिन्यातून एकदा एवढे करणारा एक जबाबदार माणूस ज्या संस्थेकडे नाही, तिने डॉट कॉमची पैशांची योजना घेऊन तिला स्वतःचे डोमेन जोडावे आणि निर्धास्त राहावे. ज्याला फक्त लिहायचे आहे, त्याने फुकटच्या योजनेवर खुशाल लिहावे. दुकान चालवायचे असेल, सभासदांची नोंदणी करायची असेल किंवा स्वतःची थीम घडवायची असेल, तर मात्र स्वतंत्र होस्टिंगच योग्य.

येथे एक मराठी अडचण सांगायला हवी, कारण तिचा दोष लोक उगाच डॉट कॉमला देतात. नोंदीचे शीर्षक देवनागरीत दिले की तिचा पत्ता टक्केचिन्हांनी भरून जातो आणि मध्येच तुटतो. हे वर्डप्रेसच्या मुळातच आहे. पत्त्याच्या या शीर्षकावरून बनणाऱ्या भागासाठी २०० वर्णांची मर्यादा आहे, आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह सांकेतिक रूपात ९ वर्णांची जागा खाते; म्हणजे जेमतेम २२ चिन्हे बसतात, आणि त्यात काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. म्हणून प्रकाशित करण्यापूर्वी पत्त्याचा तो भाग हाताने छोटा करावा. डॉट कॉम सोडून हा प्रश्न सुटत नाही.

डॉट कॉमवर सुरुवात करून पुढे स्वतंत्र होस्टिंगवर जाणारे पुष्कळ असतात, आणि फसगत होते ती नेमकी त्या प्रवासात. टूल्स या मेनूतील एक्स्पोर्टने (निर्यातीने) जी एक्सएमएल फाइल मिळते, तीत नोंदी, पाने, प्रतिक्रिया, वर्ग आणि टॅग असतात. थीम आणि मांडणीच्या सेटिंग त्यात नसतात. छायाचित्रेही त्यात नसतात; असतात ते फक्त त्यांचे जुने पत्ते. नव्या जागी ही फाइल आयात करताना जोडलेल्या फाइलीही उतरवून घ्याव्यात अशा अर्थाची एक चौकट येते. तिच्यावर खूण केली तरच वर्डप्रेस जुन्या संकेतस्थळावरून एकेक छायाचित्र आणते. खूण करायची राहिली, तरी नवे संकेतस्थळ अगदी ठाकठीक दिसते, कारण छायाचित्रे अजून जुन्याच जागेवरून दाखवली जात असतात. आणि म्हणूनच चूक लक्षात येत नाही. मग समाधानाने जुने संकेतस्थळ पुसले जाते आणि त्याच क्षणी नव्यावरची सगळी छायाचित्रे नाहीशी होतात. म्हणून आयात झाल्यावर पाच-सहा जुन्या नोंदी उघडाव्यात, छायाचित्रावर माउसची उजवी कळ दाबून त्याचा पत्ता पाहावा, आणि तेथे नव्या डोमेनचे नाव दिसेपर्यंत जुन्या संकेतस्थळाला हात लावू नये.